बग्गीची मोटर मध्ये की मागे? आधी जमीन बघा

बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की धुरजड. रिमोटच्या रेसिंग बग्गीचंही तसंच आहे. १:१० मापाची, मोटरची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळणारी बग्गी जेमतेम दीड किलोची. मोटर मागच्या आसाच्याही मागे असेल तर ती रिअर मोटर, आसाच्या पुढे असेल तर मिड मोटर. फरक काही बोटांचा, पण गाडीचा स्वभाव पार बदलतो.

पहिलं काम: जिथे पळवणार ती जागा चाचपा. बुटाची टाच जोरात घासा. फुफाटा उडाला, खडे सरकले, तर पकड कमी. आपल्याकडे बहुतेक मैदानं अशीच. मुरमाचा पृष्ठभाग उन्हाळ्यात सुटा होतो आणि बारीक खड्यांवर चाक गरगर फिरतं. काळ्या जमिनीवर तर जाऊच नका. मे महिन्यात तिला भेगा पडतात, पाऊस झाला की चिखल चाकांना गोळ्यांनी चिकटतो. पण मुरूम पसरून, पाणी मारून, खळं करतात तसा धुम्मसने चोपून ट्रॅक केला असेल आणि टाच घासल्यावर नुसती रेघ उठत असेल, तर पकड चांगली आहे.

सुट्या जमिनीवर रिअर मोटर घ्या. मोटरचं वजन मागच्या चाकांना दाबून धरतं, म्हणून ॲक्सिलरेटर दाबला की चाक नुसतं न फिरता गाडी पुढे जाते. तोटाही आहे. ताकद दिली की पुढची चाकं हलकी होऊन वळण रुंद होतं, आणि वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक मारला तर शेपूट लंबकासारखी बाहेर फिरते. उपाय बोटांत आहे: ब्रेक सरळ रेषेत मारा, वळणात ताकद हळूहळू वाढवा. सुरुवातीला टॅमियाची डीटी-०३ किंवा ट्रॅक्सासची बँडिट पुरेशी, दोन्ही रिअर मोटरच्याच.

पकड चांगली असेल तर मिड मोटर. कार्पेट, कृत्रिम गवत, घट्ट चोपलेली माती. इथे मागे जास्त वजन ठेवून फायदा नाही, उलट पुढची चाकं नीट वळत नाहीत. मिड मोटरची बग्गी वळणात पटकन फिरते. २०१३ मध्ये टीम असोसिएटेड या कंपनीने बी५ रिअर आणि बी५एम मिड अशा दोन वेगळ्या गाड्या काढल्या. त्यानंतर मोठ्या स्पर्धांच्या ट्रॅकवर मिड मोटर वाढत गेली, कारण ते ट्रॅकच पकडीचे होत गेले. परदेशातले व्हिडिओ बघून गाडी घेणाऱ्यांना म्हणूनच माझं कळकळीचं सांगणं आहे: त्यांच्या गाडीआधी त्यांच्या पायाखालची जमीन बघा.

दोन्ही जागा हव्या असतील तर मोटर दोन्हीकडे बसवता येते अशी गाडी शोधा. टीएलआर (टीम लोसी रेसिंग) कंपनीची पहिली ‘२२’ नावाची बग्गी तशीच होती. जुनी घेताना मात्र दोन्ही बाजूंचे सगळे भाग डब्यात आहेत का ते मोजून घ्या.

मिड मोटर आधीच घरात असेल तर लगेच विकू नका. बॅटरी मागे सरकवता येते का बघा. स्वयंपाकघरातला वजनकाटा मागच्या चाकांखाली ठेवा, पुढच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीची पुस्तकं. आकडा लिहा, बॅटरी सरकवा, पुन्हा लिहा. मग गाडी मैदानात नेऊन तेच एक वळण दहा वेळा घ्या. चाकं अजूनही जागीच गरगर फिरत असतील तर आधी टायर बदला. सुट्या मुरमाला उंच, विरळ काट्यांचे टायर लागतात.

आपल्या उन्हाची एक गोष्ट राहिली. मिड मोटर कवचाखाली दडलेली असते, वारा कमी लागतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर पळवा आणि प्रत्येक बॅटरीनंतर मोटर हात लावता येईल इतकी निवू द्या.