वाळवंटातून पुण्यात परतताना या चुका टाळा

जैसलमेर-बिकानेरच्या बाजूला हिवाळाभर एकट्याने राहून मार्चच्या सुमारास पुण्यात परतणाऱ्यांची सगळी तयारी जातानाची असते. परतायचे म्हणजे तिकीट काढायचे, एवढाच अनेकांचा समज असतो. अडचणी मात्र परतल्यावरच्या घाईतून सुरू होतात, आणि त्यांतल्या बऱ्याच इतक्या उशिरा उघडकीस येतात की त्यांचा वाळवंटाशी संबंध असेल हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

सर्वांत महागात पडते ती डॉक्टरांपासून प्रवास लपवण्याची, किंवा सांगायचा राहून जाण्याची चूक. बिकानेरच्या परिसरात वाळूमाशीच्या चाव्यातून त्वचेचा लेश्मानियासिस हा परजीवीमुळे होणारा आजार होतो. ही माशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते आणि साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत शिरते. चावा विसरला जातो. मग काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, चेहरा, हात किंवा पाय अशा उघड्या भागावर लालसर पुळी येते, ती हळूहळू वाढते आणि मध्ये खोलगट जखम होते. ही जखम सहसा दुखत नाही, म्हणून माणूस मेडिकलमधून एखादे मलम आणून लावत बसतो, आणि त्यात स्टेरॉइड असेल तर मूळचे चित्रच बदलून जाते. हा बिहारमधला काळा आजार नव्हे; तो शरीराच्या आत यकृत-प्लीहेपर्यंत पोहोचतो, हा त्वचेपुरता राहतो. पुण्यातल्या डॉक्टरांसमोर असे रुग्ण क्वचितच येत असल्याने महिनाभरात न भरलेली जखम दाखवताना ‘मी थरच्या वाळवंटात राहून आलो आहे’ हे वाक्य आधी सांगावे, म्हणजे जखमेच्या कडेचा नमुना तपासायचा की नाही, हे त्यांना ठरवता येईल. थंडी वाजून ताप आला तरी हेच सांगावे, कारण त्या भागात मलेरियाही आहे.

दुसरी चूक सामानाची. कॅमेऱ्याचे भिंग रुमालाने पुसण्याचा मोह आवरावा. वाळूतला क्वार्ट्‌झ काचेपेक्षा कठीण असतो आणि एका पुसण्यातही ओरखडा उठू शकतो. आधी हवेच्या फुंकणीने कण उडवावेत, मगच मऊ कापड लावावे. तंबू उलटा करून झटकावा, झिपच्या दातांतली वाळू कोरड्या टूथब्रशने काढावी, पाणी अडवणारा थर टिकावा म्हणून डिटर्जंटऐवजी साधे पाणी वापरावे आणि तंबू सावलीत पूर्ण वाळवावा. हे काम एप्रिलच्या कोरड्या हवेत दोन दिवसांत होते. ते न करता सगळे तसेच माळ्यावर टाकले, तर क्षारयुक्त वाळू आणि धूळ जूनची दमट हवा धरून ठेवते, आणि सिंहगडावर न्यायला म्हणून पावसाळ्यात तंबू उघडावा तर आत काळी बुरशी. झोपण्याची पिशवीही दाबून न बांधता सैल सुती पिशवीत ठेवावी.

पहिले दोन दिवस दुचाकी चालवू नये. बॅटरी उतरलेली असते हे तर आहेच, पण महिनोन्‌महिने मोकळ्या क्षितिजाची सवय झालेल्या नजरेला संध्याकाळच्या स्वारगेट चौकात चहूबाजूंनी घुसणारी वाहने टिपणे जड जाते. पीएमपीची बस किंवा रिक्षा बरी.

स्वागताचे जेवण हा नाजूक विषय आहे. घरचे प्रेमाने पहिल्याच रविवारी नातेवाईक जमवतात, पुरणपोळीचा बेत आखतात. बाजरीची रोटी आणि डाळीवर महिने काढलेल्या पोटाला तो बेत झेपत नाही आणि एकांताची सवय झालेल्या कानांना तो गलबलाही सोसत नाही. हे स्टेशनावरून नव्हे, निघण्यापूर्वीच फोन करून सांगावे, कारण एकदा आमंत्रणे गेली की पुण्यात ती मागे घेता येत नाहीत. सुरुवातीला एकेका माणसाला भेटावे. सुरुवातीचे काही दिवस झोप मोडणे साहजिक आहे, परंतु तीन-चार आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, माणसे टाळावीशी वाटत असतील आणि कामात लक्ष लागत नसेल, तर ‘अजून वाळवंटातून मन परतलेले नाही’ असे म्हणून दिवस ढकलू नयेत. समुपदेशकाची वेळ घ्यावी.