अलॉय व्हीलला कंपनीचा मूळ रंग कसा जुळवावा

फुटपाथच्या कडेला घासलेले अलॉय व्हील रंगवायचे ठरले की बहुतेक जण दाराच्या चौकटीवरचा किंवा बॉनेटखालचा रंगाचा कोड टिपून दुकान गाठतात. परंतु तो कोड बॉडीचा असतो, चाकाचा सहसा नसतो. चाकाच्या रंगाच्या कोडसाठी चाक उतरवून त्याच्या मागील बाजूचा पार्ट नंबर घ्यावा आणि गाडीच्या कंपनीच्या पार्ट विभागात चौकशी करावी. कोड मिळाला तरी तो केवळ सुरुवात समजावा.

आऱ्यांच्या दर्शनी भागावर बारीक वर्तुळाकार रेषा दिसत असतील, तर तो रंग नसून लेथवर (धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर) कापलेले ॲल्युमिनियम आणि त्यावरचा पारदर्शक क्लिअर कोट असतो. या ‘डायमंड कट’ फिनिशची सर कोणत्याही चंदेरी रंगाला येत नाही, त्यामुळे असे चाक लेथ असलेल्या कारागिराकडेच द्यावे. चाकाला तडा असेल, तर ते रंगवण्याच्या भानगडीत न पडता बदलावे.

आता नेमका कोणता रंग जुळवायचा, हे ठरवावे. चारही चाके रंगवायची असतील, तर मधली कॅप काढून तिच्याखालचा, ऊन न लागलेला रंग नमुना म्हणून घ्यावा. स्टेपनीही अलॉयचीच असेल, तर काम आणखी सोपे होते. मात्र एकच चाक रंगवायचे असेल, तर हा कोरा रंग फसवतो, कारण शेजारचे चाक उन्हाने आणि ब्रेकच्या धुळीने काहीसे उतरलेले असते. अशा वेळी ते चाक स्वच्छ धुऊन, वाळवून त्याच्याशीच रंग जुळवावा. एवढे करूनही थोडा फरक राहिला, तर गाडीच्या त्याच बाजूची दोन्ही चाके रंगवावीत. दोन्ही बाजू एकदम कोणाला दिसत नाहीत.

चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे कण असतात आणि खरी मेख तिथेच आहे. कण जाड की बारीक, यावर चमक ठरते, आणि समोरून जुळलेला रंग तिरक्या नजरेने पाहिल्यास काळपट किंवा पांढुरका दिसू शकतो. शिवाय तोच डबा आणि तीच फवारणीची गन वापरूनही, रंग ओला बसला तर कण खाली जाऊन छटा गडद होते आणि कोरडा बसला तर ती उजळते. म्हणून आधी जाड कार्डावर चाकाला द्यायचे तेच प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), तेवढेच थर आणि वर क्लिअर कोट देऊन नमुना तयार करावा. क्लिअरशिवाय केलेली तुलना निरर्थक आहे. कार्ड पूर्ण वाळल्यावर ते चाकाला टेकवून, ट्यूबलाइटखाली नव्हे तर दिवसाच्या उजेडात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी तिरके पाहावे. छटा पटेपर्यंत कार्डेच खर्ची घालावीत, चाक नव्हे.

प्रत्यक्ष रंगवताना टायर काढून घ्यावा. खरचटे पुट्टीने भरून पॉलिश पेपरने घासावे, उघड्या धातूवर ॲल्युमिनियमसाठीचे प्रायमर द्यावे, आणि कार्डावर जितक्या अंतरावरून व जितक्या दाबाने फवारले तसेच चाकावर फवारावे. फक्त घासलेल्या जागी ठिगळ न लावता चाकाचा पूर्ण दर्शनी भाग रंगवावा. पावसाळ्याच्या दमट हवेत क्लिअर कोट दुधाळ होण्याची भीती असते, म्हणून कोरडा दिवस निवडलेला बरा. हार्डनर (थर कडक करणारे रसायन) मिसळायचे क्लिअर कोट घरी फवारण्याच्या फंदात पडू नये. त्याच्या वाफा श्वसनाला घातक असतात आणि साधा कापडी मास्क त्या अडवत नाही.

नट बसण्याच्या जागा आणि चाकाचा हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्याला) टेकणारा भाग टेपने झाकून कोरा ठेवावा, कारण तिथला रंग दाबाने चेपला की नट सैल होतात. चाक बसवताना टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच नट आवळणारा पाना) वापरावा आणि ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर नट पुन्हा तपासून घ्यावेत.