माजी सैनिक गेल्यानंतर बायको-मुलांनी फॅमिली पेन्शन आणि बाकीचे हक्क कसे मिळवायचे

माझे मोठे काका फौजेत हवालदार होते. ते गेल्यावर काकूंची फॅमिली पेन्शन सुरू व्हायला चौदा महिने लागले, आणि कारण काय तर नाव. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत, तर फौजेच्या रेकॉर्डला काकूंचं माहेरचं नाव लागलेलं आणि आधार, रेशनकार्ड, बँक सगळीकडे सासरी ठेवलेलं नाव. पेन्शन हक्काची, बाई तीच, पण कागदावर दोन बायका दिसत होत्या. त्या चौदा महिन्यांत मी जे धक्के खाल्ले त्यातून जे कळलं ते सगळं इथे लिहितोय, म्हणजे दुसऱ्या कुठल्या माऊलीला इतकं थांबायला लागू नये.

सगळ्यात आधी ट्रंक उघडा. प्रत्येक फौजीच्या घरात ती काळी लोखंडी ट्रंक असतेच, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव लिहिलेलं. त्यात डिस्चार्ज बुक म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं सर्व्हिसच्या नोंदीचं पुस्तक, आणि पीपीओ म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर सापडेल. आमच्या काकांचा पीपीओ घड्यांवर फाटलेला आणि चिकटपट्टीने जोडलेला होता, नेमकं बायकोच्या नावाची ओळच चिकटपट्टीखाली पिवळी पडलेली. हे दोन कागद आधी नीट स्कॅन करून घ्या, मग पुढच्या कामाला लागा.

मग मृत्यूचा दाखला. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करायची असते, उशीर झाला तर पुढे परवानग्या काढत बसावं लागतं. दाखल्यावर नाव पीपीओवर आहे अगदी तसंच लिहून घ्या, गावात आडनाव आधी लिहितात आणि फौजेत शेवटी, एवढ्या फरकावरूनही फाईल परत येते. एकदम आठ-दहा प्रती काढून ठेवा, प्रत्येक ठिकाणी मागतात.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आणि नेमकी हीच लोक विसरतात. मृत्यूनंतर खात्यात पेन्शन आली तर तिला हात लावायचा नाही. घरात दुःख असतं, खर्च असतो, कोणीतरी पोरगा एटीएममधून पैसे काढून आणतो, त्यात कोणाची वाईट नियत नसते, पण ती रक्कम नंतर वसूल होते आणि वर बाईंनाच उत्तरं द्यायला लागतात. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतचीच, दुसऱ्या दिवसापासून फॅमिली पेन्शन. त्या शेवटच्या दिवसापर्यंतचं काही देणं राहिलं असेल तर त्याला लाईफ टाईम एरियर म्हणतात, त्यासाठी वेगळी मागणी करता येते, ती नॉमिनीला मिळते आणि नॉमिनी नसेल तर वारसाला.

आता मुख्य काम. डिफेन्सच्या पेन्शनचा कारभार आता स्पर्श नावाच्या ऑनलाईन सिस्टिमवर आलाय, तो प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन्स या संरक्षण खात्याच्या पेन्शन ऑफिसकडून चालतो. मृत्यूची खबर स्पर्शच्या वेबसाईटवर द्यायची, स्वतःला जमत नसेल तर जवळच्या सीएससी म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन द्यायची. मी तर म्हणेन आधी सैनिक कल्याण कार्यालयातच जा, तिथे बसणारे बरेचसे स्वतः माजी सैनिक असतात, भाषा कळते आणि कागद बघून लगेच सांगतात काय कमी आहे. सोबत न्यायचं ते मृत्यूचा दाखला, पीपीओ, डिस्चार्ज बुक, बाईंचं आधार, पॅन, बाईंच्या खात्याचं पासबुक, फोटो आणि आधारला जोडलेला मोबाईल. मोबाईल म्हणजे हातात हवा, ओटीपी येतो, आमचा पहिला हेलपाटा त्यातच फुकट गेला कारण नंबर मुंबईला असलेल्या मुलाचा होता आणि तो ड्युटीवर.

पीपीओवर बायकोचं नाव आणि जन्मतारीख बरोबर असेल तर काम सरळ होतं. नाव नसेल किंवा चुकीचं असेल तर गाडी रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे फौजींच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसकडे वळते. कुठलं रेकॉर्ड ते पलटणीवर अवलंबून, मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, आर्टिलरीचं नाशिक रोडला, नेव्हीच्या सेलर्सचं मुंबईत मानखुर्दला. तिथे अर्ज, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा पुरावा, मुलांच्या दाखल्यावरचं आईचं नाव, असं सगळं सैनिक कल्याण कार्यालयाच्या पत्रासकट पाठवायचं, मग ते दुरुस्तीचा पीपीओ निघायची व्यवस्था करतात. पाठवाल ते रजिस्टर किंवा स्पीड पोस्टनेच आणि पावती जपून ठेवा, आमची पहिली फाईल एका ऑफिसात "मिळालीच नाही" म्हणाले तेव्हा ती पावतीच कामाला आली.

पैसे किती मिळतात हे सगळेच विचारतात. साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, कमीत कमी महिना ९,००० रुपये आणि वर महागाई रिलीफ, म्हणजे पेन्शनवरचा महागाई भत्ता. पण सुरुवातीला काही वर्षं वाढीव दर असतो, ५० टक्क्यांचा. सर्व्हिसमध्ये असताना मृत्यू झाला तर १० वर्षं. रिटायर झाल्यावर गेले तर ७ वर्षं किंवा ते असते तर ६७ वर्षांचे झाले असते ती तारीख, यातलं जे आधी येईल ते. म्हणजे बघा, ५० व्या वर्षी गेले तर पूर्ण ७ वर्षं वाढीव, ६४ व्या वर्षी गेले तर तीनच वर्षं, आणि सत्तरीत गेले तर पहिल्या दिवसापासून ३० टक्केच. काही वर्षांनी पेन्शन एकदम कमी झाली म्हणून बायका घाबरून जातात, ती चूक नसते, वाढीव मुदत संपलेली असते. काकांनी कम्युटेशन घेतलं होतं, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी उचलला होता, म्हणून काकूंचं काही कापलं जात नाही, हेही लक्षात ठेवा.

ड्युटीशी संबंधित कारणाने मृत्यू झाला तर स्पेशल फॅमिली पेन्शन ६० टक्के, आणि लढाईत किंवा अतिरेक्यांशी लढताना वीरमरण आलं तर लिबरलाईज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराइतकी पूर्ण. रिटायर झाल्यावर जुन्या डिसॅबिलिटीमुळे गेले असतील, आणि ती डिसॅबिलिटी सर्व्हिसमुळे झाली असं मान्य झालेलं असेल, तर स्पेशल मागता येते, त्यासाठी मेडिकल बोर्डाचे जुने कागद आणि हॉस्पिटलचे कागद टाकून देऊ नका.

बाई स्वतः नोकरी करत असेल तरी तिची फॅमिली पेन्शन थांबत नाही, हे मी ठळकपणे सांगतो कारण गावोगावी उलटं सांगितलं जातं. नवरा फौजेनंतर दुसऱ्या सरकारी नोकरीत लागला होता तर दोन्हीकडची फॅमिली पेन्शन घेता येते, २०१२ पासून तशी सोय झालीय. मूलबाळ नसलेल्या विधवेने पुन्हा लग्न केलं तरी तिचं बाकी उत्पन्न ९,००० अधिक महागाई रिलीफच्या आत असेल तर पेन्शन चालू राहते.

आई नसेल तर पेन्शन मुलांकडे जाते, मोठ्यापासून एकेकाला, वय २५ होईपर्यंत किंवा लग्न होईपर्यंत किंवा कमवायला लागेपर्यंत. मुलींच्या बाबतीत पुढेही हक्क आहे, अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी २५ नंतरही पात्र ठरू शकते, उत्पन्नाची अट पाळून, पण विधवा असेल तर तिचा नवरा आई-वडिलांपैकी कोणी हयात असताना वारलेला हवा, आणि घटस्फोटित असेल तर घटस्फोटाचा दावा तरी तेव्हा कोर्टात दाखल झालेला हवा. आणि घरात दिव्यांग मूल असेल तर प्लीज हे आजच करा, आई-वडील असतानाच त्याचं नाव पीपीओवर चढवून घ्या. स्वतः कमावू शकत नसलेल्या अशा मुलाला आयुष्यभर पेन्शन मिळते, पण आई-बाप गेल्यावर ते लेकरू कुठे फिरणार सर्टिफिकेट घेऊन?

पेन्शन लागली की ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं कार्ड. जुनं कार्ड काकांच्या नावावर असतं, ते जमा करून बाईंच्या नावाने नवीनसाठी ऑनलाईन अर्ज करायचा, कॅन्टीन कार्डाचंही तसंच. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा रिटायरमेंटनंतरचा विमा चालू होता का तेही रेकॉर्डला विचारा, बऱ्याच घरात कोणाला माहीतच नसतं.

मुलांच्या शिक्षणासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाच्या योजना आहेत. हवालदार आणि त्याखालच्या रँकच्या दोन मुलांना पहिलीपासून ग्रॅज्युएशनपर्यंत महिना २,००० रुपये, मुलीच्या लग्नाला १ लाख, आणि पेन्शन नसलेल्या पासष्टीपुढच्या विधवेला महिना ८,००० रुपये, हे आकडे २०२५ मध्ये दुप्पट झालेत. पंतप्रधान स्कॉलरशिप वेगळी, प्रोफेशनल कोर्सला मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५००, बारावीला ६० टक्के लागतात. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या कॅपला, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, माजी सैनिकांच्या मुलांसाठी डिफेन्स कोटा आहे, फॉर्म भरताना तो पर्याय राहून गेला तर नंतर हात चोळत बसावं लागतं. घरपट्टी माफीची राज्य सरकारची योजना सैनिकाच्या विधवेलाही लागू आहे, एका घरासाठी, त्याचा दाखला सैनिक कल्याण कार्यालयातूनच मिळतो. आमच्या ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाला जीआरची प्रिंट दाखवली तेव्हा कुठे अर्ज घेतला, म्हणून प्रिंट घेऊनच जा.

पेन्शन सुरू झाली म्हणजे काम संपलं असं नाही, दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाईन सोयीवर बोटाच्या ठशाने किंवा मोबाईलवर चेहरा दाखवून. काकूंचे ठसे शेतातल्या कामाने इतके झिजलेत की मशीन घेतच नाही, चेहऱ्याने दोन मिनिटांत होतं.

कुठेच काही हलत नसेल तर रक्षा पेन्शन शिकायत निवारण पोर्टलवर किंवा सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर लेखी तक्रार टाका, तक्रार नंबर आला की फाईल हलते असा माझा अनुभव आहे. हक्कच नाकारला तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल म्हणजे फौजींच्या दाव्यांचं न्यायाधिकरण आहे, त्याचं बेंच मुंबईतही आहे. काकूंचं काम तक्रारीवरच झालं, सगळी थकबाकी एकदम जमा झाली, आणि दुरुस्त पीपीओवर दोन्ही नावं लागली, माहेरचं आणि सासरचं.