हर की दूनला कॅमेरा घेऊन जाताना: लेन्स कमी, मुक्काम जास्त

हिमालयात पहिल्यांदाच कॅमेरा घेऊन निघालेले पुण्या-मुंबईचे ट्रेकर हमखास विचारतात, लेन्स कोणती घेऊ? मी म्हणतो, आधी मुक्काम कुठे आणि किती ते ठरवा. उजेड चांगला असेल तेव्हा तुम्ही जागेवर हजर असाल तरच डोंगरात फोटो मिळतो. त्यामुळे लेन्स वाढवण्यापेक्षा रजा एका दिवसाने वाढवा.

उत्तराखंडमधल्या गोविंद राष्ट्रीय उद्यानातलं हर की दून, म्हणजे बर्फाच्या शिखरांखालची दरी, मी नवख्यांना मुद्दाम सुचवतो. डेहराडूनहून मसुरी, पुरोला, मोरी करत सांकरी गाठायला गाडीत जवळजवळ अख्खा दिवस जातो. पुढे तालुका नावाच्या गावापासून सुपीन नदीच्या कडेने ओसला गाव, आणि मग ३,५६६ मीटरवरचं दून. वाट लांबलचक आहे, पण अवघड नाही. त्यामुळे पाय दमले तरी डोकं फोटोसाठी शिल्लक राहतं.

बरेच ग्रुप भर दुपारी दूनला पोचतात, फोटो काढतात आणि त्याच दिवशी खालच्या कॅम्पवर परततात. तोवर शिखरांवर ढग जमू लागलेले असतात आणि ऊन डोक्यावर. शिवाय इथलं मुख्य शिखर स्वर्गारोहिणी (६,२५२ मीटर) दूनच्या आग्नेयेला आहे. सकाळी सूर्य तिच्या पाठीमागच्या अंगाने वर येतो आणि आपल्याकडची बाजू सावलीत राहते. तिचा खरा उजेड संध्याकाळचा. म्हणून संध्याकाळी वरच थांबता येईल असाच कार्यक्रम आखा. मुक्कामाचे नियम बदलत असतात, ते सांकरीत वनखात्याकडे आधी विचारून घ्या.

तिथली संध्याकाळ बघण्यासारखी असते. सावली आधी दरीत भरते. ओढा, भूर्जाची झाडं, गवत सगळं निळसर होतं आणि वर बर्फ मात्र उन्हात झगमगत असतो. मग सावलीची रेघ कड्यावरून वर चढताना चक्क दिसते. बर्फ आधी पिवळा, मग केशरी होतो आणि शेवटी टोकावर तेवढा गुलाबी रंग उरतो. हा सगळा खेळ फार तर अर्ध्या तासाचा. खालची दरी काळोखी असल्यामुळे कॅमेरा फसतो आणि बर्फ पांढराफटक करून टाकतो. एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) उणे करा, हिस्टोग्रामचा, म्हणजे स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखाचा, उजवा काठ सांभाळा आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये घ्या. सावलीतला तपशील नंतर वर काढता येतो, जळालेला बर्फ परत येत नाही. फ्रेममध्ये सगळा बर्फच असेल तेव्हा मात्र उलट करायचं. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर त्याला करडा समजतो, म्हणून एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवायचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड).

वजनाचं बोलायचं तर एक बॉडी आणि २४–१०५ मिमीसारखी एक झूम पुरते. नवखे लोक फक्त वाइड लेन्स नेतात आणि सहा हजारी शिखर फोटोत टेकडीएवढं होऊन बसतं. डोंगराचा भव्यपणा बहुतेक वेळा ७० मिमीच्या पुढेच सापडतो. ट्रायपॉड हलका चालेल, पण वाऱ्यात त्याला सॅक अडकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. पोलरायझर (आभाळ गडद करणारा फिल्टर) जपून वापरा. उंचीवर आभाळ आधीच गडद असतं, वाइड लेन्सवर ते एका बाजूला काळपट डागासारखं दिसतं.

थंडीत बॅटऱ्या झपाट्याने उतरतात. रात्री त्या स्लीपिंग बॅगमध्ये, अगदी अंगाशी ठेवा. बाहेरून उबदार खोलीत जाताना कॅमेरा आधी झिपच्या पिशवीत बंद करा, म्हणजे बाष्प पिशवीवर जमेल, काचेवर नाही. विमानात पॉवरबँक आणि सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्यायच्या. ड्रोन घरीच ठेवा, वनखात्याच्या परवानगीशिवाय उद्यानात तो उडवता येत नाही.

हंगाम म्हणाल तर मला पावसाळा संपल्यानंतरचा आवडतो. हवा धुऊन निघालेली असते आणि ओसला, गंगाडच्या उतारांवर राजगिऱ्याची शेतं लालभडक झालेली असतात. पाठीमागे देवदाराच्या लाकडाची घरं. इथे शिखरापेक्षा शेतच पुढे घ्यावंसं वाटतं. शेतात काम करणाऱ्या बायकांचा फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका. त्या नाही म्हणाल्या तर कॅमेरा खाली घ्या. ही त्यांची कामाची जागा आहे, आपण तिथे पाहुणे आहोत.

सराव सह्याद्रीतच करा. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. पूर्ण भरलेली सॅक घेऊन गड चढा, सूर्यास्ताच्या तासभर आधी कड्यापासून सुरक्षित अंतरावर जागा धरा आणि अंधार पडेपर्यंत शूट करा. हातमोजे घालून डायल फिरवणं, हेडटॉर्चच्या उजेडात बॅटरी बदलणं, हे तिथे सहज जमायला लागलं की डेहराडूनचं तिकीट काढायला हरकत नाही.