म्युनिक ऑलिम्पिकचं १० मार्कांचं चांदीचं नाणं: या चुका टाळा

१९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकसाठी पश्चिम जर्मनीने काढलेलं हे १० मार्कांचं (मार्क म्हणजे युरोआधीचं जर्मन चलन) नाणं हातात आलं की लोक त्याच त्या चुका करतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

नाणं घासू नका, ही हात जोडून विनंती. चिंच नको, टूथपेस्ट नको, भांड्यांची पावडर तर नकोच. ओळखीतल्या एकाला जर्मनीतल्या बहिणीने प्रूफ नाणं (संग्राहकांसाठी आरशासारखं चकचकीत पाडलेलं) पाठवलं होतं. कडेला निळसर-सोनेरी छटा आली होती, बाकी नाणं उत्तम. मला दाखवायला आणण्याच्या आदल्या रात्री त्याने ते टूथपेस्टने चकचकीत केलं. भिंगाखाली धरलं तर आरशासारख्या सपाट भागावर बोट फिरलं तसे गोल गोल ओरखडे. दुकानदाराने नाणं उलटसुलट पाहिलं, काट्यावर ठेवलं आणि मोडीचा भाव सांगितला. ती छटा हवेतल्या गंधकामुळे येते, तिने काही बिघडत नव्हतं. घासताना मात्र चांदीच निघून जाते. एवढी घाई कशासाठी?

चिकटपणा असेल तरच मी शुद्ध अ‍ॅसिटोन वापरतो. खिडक्या उघडायच्या, आसपास गॅस-दिवा नको, काचेच्या वाटीत नाणं थोडा वेळ बुडवायचं, कडेला धरून काढायचं, आपोआप वाळू द्यायचं. पुसायचं नाही. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो.

दुसरी चूक खिशाला लागते. पहिल्या नाण्यावर ‘इन डॉइचलान्ड’ (जर्मनीत) असं छापलं होतं. ऑलिम्पिक शहराला मिळतं, देशाला नाही, असा आक्षेप पूर्व जर्मनीने घेतला आणि पुढे ‘इन म्युन्शेन’ (म्युनिकमध्ये) आलं. ही गोष्ट रंगवून सांगत ‘दुर्मीळ’ म्हणून भाव चढवतात. प्रत्यक्षात दोन्ही प्रकारची नाणी प्रत्येकी सुमारे १ कोटी पाडली गेली, आणि या मालिकेतली सहाही नाणी मिळून १० कोटींच्या घरात. याला दुर्मीळ म्हणणाऱ्याकडून मी काहीच घेत नाही. आधी हिशेब करा: वजन १५.५ ग्रॅम, चांदी ६२५ (हजारात ६२५ भाग), म्हणजे शुद्ध चांदी साधारण ९.७ ग्रॅम. त्यावर किती द्यायचं ते नाण्याची अवस्था पाहून ठरवा. टाकसाळीचं अक्षरही बघा: डी म्युनिक, एफ श्टुटगार्ट, जी कार्ल्सरूह, जे हॅम्बुर्ग. चारही जमवणाऱ्याला एखादंच कमी असतं.

लोहचुंबकाला चिकटलं नाही म्हणजे चांदी, असं नाही. तांबंही चिकटत नाही. काटा आणि व्हर्नियर (व्यास मोजायची मोजपट्टी) घ्या, व्यास ३२.५ मिलिमीटर भरला पाहिजे.

पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका, हिरवा चिकट थर चढतो.

५ मार्कांच्या नाण्यांत १९७९चं ऑटो हान या जर्मन शास्त्रज्ञाचं नाणं चांदीचं समजून घेऊ नका. चांदी महागल्याने ते तांबं-निकेलमध्ये काढलं. चांदीचं ११.२ ग्रॅम भरतं, हे १० ग्रॅम.

आणि जर्मनीत नातेवाईक असतील तर त्यांना सांगा, बुंडेसबँक (जर्मनीची मध्यवर्ती बँक) आजही हे १० मार्क ५.११ युरोला बदलून देते, पण चांदीचा भाव पाहिल्याशिवाय तिथे जायचं नाही.