'टँजिबल अ‍ॅसेट्स' लिहिताना या चुका टाळा

इंग्रजी अहवाल, कर्जाचे अर्ज, मृत्युपत्रांचे मसुदे यांत 'टँजिबल अ‍ॅसेट्स' (मूर्त मालमत्ता) सर्रास दिसतं आणि तितकंच सर्रास चुकतं. अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो. घोटाळा होतो तो यादी करायला बसल्यावर.

जमीन, इमारत, यंत्रं, वाहनं, गोदामातला माल यांना हात लावता येतो, म्हणून ती टँजिबल. पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क, गुडविल (धंद्याचा नावलौकिक) ही इनटँजिबल, म्हणजे अमूर्त. इथवर सहसा कुणी अडखळत नाही. गाडी अडते ती शेअर्सपाशी. 'सर्टिफिकेट कपाटात आहे की, हातात धरता येतं!' असं म्हणून ते खुशाल यादीत घुसवलं जातं. पण किंमत त्या कागदाला नसून तो ज्या हक्काचा पुरावा आहे त्या हक्काला असते. कागद फाटला म्हणून कंपनीतली मालकी जात नाही. सोन्याचं नाणं टँजिबल, पण गोल्ड ईटीएफचं (शेअर बाजारात घेता-विकता येणाऱ्या सोन्याच्या फंडाचं) युनिट नाही, भले त्यामागे कुठल्या तिजोरीत खरंखुरं सोनं का असेना.

टँजिबल म्हणजे लिक्विड (चटकन रोख करता येणारं), हा आणखी एक गैरसमज. कारखान्याची इमारत डोळ्यांसमोर उभी असते, पण ती विकून पैसे हाती यायला कितीही काळ लागू शकतो. 'फिक्स्ड'शीही (दीर्घकाळ वापरासाठी ठेवलेल्या मालमत्तेशी) गल्लत नको. विक्रीसाठी ठेवलेला माल टँजिबल असतो, फिक्स्ड नसतो.

ताळेबंदाबद्दल लिहीत असाल तर शब्द आणखी जपून वापरा. आंतरराष्ट्रीय हिशेब मानकांत (आयएएस) आयएएस १६ हे 'प्रॉपर्टी, प्लँट अँड इक्विपमेंट'साठी आहे, तर आयएएस ३८ इनटँजिबल अ‍ॅसेट्ससाठी. यंत्राचं 'डेप्रिसिएशन' (घसारा) होतं, ठरावीक मुदतीच्या पेटंटचं 'अमॉर्टायझेशन' (किंमत मुदतीत थोडीथोडी खर्ची टाकणं). जमिनीवर सहसा घसारा लावतच नाहीत. 'डेप्रिसिएशन ऑफ पेटंट' असं लिहिलंत की हिशेबतपासनीस तिथेच पेन्सिल टेकवणार.

भाषेच्या चुका त्यामानाने किरकोळ, पण चटकन नजरेत भरतात. 'अनटँजिबल' असा शब्द वापरू नका, 'इनटँजिबल'च लिहा. 'टँजिबल'च्या शेवटी आय-बी-एल-ई येतं, ए-बी-एल-ई नव्हे. 'अ‍ॅसेट्स'मध्ये ई आणि टीच्या मध्ये जास्तीचा एस घुसतो, तो काढा. 'फिजिकल टँजिबल अ‍ॅसेट्स' ही निव्वळ द्विरुक्ती. 'टँजिबल बेनिफिट्स' मात्र चालतं. तिथे स्पर्शाचा संबंध नसतो, ठोस आणि दाखवता येण्याजोगा फायदा एवढाच अर्थ.

अमेरिकी मृत्युपत्रांतलं 'टँजिबल पर्सनल प्रॉपर्टी' हे प्रकरण वेगळं आहे. त्यात दागिने, फर्निचर, गाडी, चित्रं येतात. घर येत नाही, कारण ते 'रिअल प्रॉपर्टी', म्हणजे स्थावर मालमत्ता. बँकेतली शिल्लक आणि शेअर्सही येत नाहीत. सगळी मालमत्ता एकाच व्यक्तीला द्यायची असेल आणि मसुद्यात एवढेच तीन शब्द असतील, तर त्या व्यक्तीच्या वाट्याला सोफा येईल, घर नाही.