शैवाल जिवंत की मेलेलं? कार्बन डॉट्स वापरताना या चुका टाळा

मायक्रोस्कोपखाली क्लोरेला (एकपेशीय हिरवं शैवाल) लालभडक चमकली की अनेकजण वहीत 'जिवंत' लिहून मोकळे होतात. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. ती लाली हरितद्रव्याची असते, आणि पेशी मेली तरी हरितद्रव्य लगेच मोडत नाही. 680 नॅनोमीटरच्या आसपास ते चमकतच राहतं.

म्हणून कार्बन डॉट्स, म्हणजे प्रकाश पडला की चमकणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कण. 10 नॅनोमीटरहून लहान, ऋण भाराचे कण पेशीच्या धडधाकट पटलातून सहसा आत जात नाहीत, फाटलेल्या पटलातून मात्र शिरतात. 'सहसा' म्हटलं, कारण धन भाराचे कण जिवंत पेशीलाही चिकटतात. पेशीभोवतीच्या चिकट थरात डॉट्स अडकले तर नुसती चमकती कड दिसते. ती मोजू नका. पेशी आतून भरून चमकली तरच मेलेली धरा.

चमकच दिसत नाही? आधी माध्यमाकडे बघा. बीजी-11 या शैवाल वाढवायच्या नेहमीच्या द्रवात फेरिक अमोनियम सायट्रेट असतं आणि फेरिक लोह बऱ्याच डॉट्सची चमक विझवतं. मग मेलेल्या पेशीही काळ्याच दिसतात आणि निकाल फसवा चांगला येतो! डॉट्स घालण्याआधी पेशी धुवून घ्या. पण ड्युनालिएला (खाऱ्या पाण्यातलं शैवाल) डिस्टिल्ड वॉटरने धुतलीत तर संपलंच: तिला कडक भिंत नसते, ती फुटते. तिच्यासाठी माध्यमाइतक्याच खारटपणाचं पाणी घ्या.

निळे डॉट्स स्वस्तात बनतात, पण हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेतं. 488 नॅनोमीटरला उत्तेजित होणारे हिरवे डॉट्स घ्या, फिल्टर 500 ते 550 चा लावा. डायलिसिस, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून छोटे रेणू गाळून काढणं, टाळू नका. बनवताना उरलेले छोटे चमकणारे रेणू जिवंत पेशीतही घुसू शकतात.

कंट्रोलसाठी (म्हणजे तुलनेला नक्की मेलेल्या पेशी हव्यात म्हणून) ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने पेशी मारू नका, ते स्वतःच चमक वाढवतं. गरम पाण्यात ठेवून मारा, जिवंत कल्चरमध्ये 0, 25, 50, 75, 100 टक्के मिसळा आणि मोजणी त्याच क्रमाने चढते का पाहा. डॉट्स न घातलेल्या जिवंत आणि मेलेल्या पेशींच्या स्लाइडही हव्यातच. जहाजांच्या बॅलास्ट पाण्यासाठी (तोल राखायला जहाजात भरलेलं पाणी) तर हे सोडूच नका: ते सोडण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय डी-2 निकषात 10 ते 50 मायक्रोमीटरचे जिवंत जीव मिलिलिटरमागे 10 पेक्षा कमी लागतात, त्यामुळे दोन-चार पेशी चुकीच्या रकान्यात गेल्या तरी पास-नापास बदलतं.